फेकण्याची कला : बर्फ हटवणाऱ्या रेल्वेगाडीचं रसग्रहण

बर्फ हटवणारी रोटरी गाडी, मग ती खरी असो की मॉडेल, समोर आली की नजर पहिल्यांदा तिच्या पात्यांवर जाते. गाडीच्या तोंडाशी डब्यापेक्षाही रुंद पोलादी चौकट, चौकटीच्या आत माणसाच्या दीडपट उंचीचं चाक आणि चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेली धारदार पाती. पाहणाऱ्याला वाटतं, सगळा पराक्रम यांचाच. मला मात्र या यंत्राचं मर्म जरा वर दिसतं. चाकावरच्या पत्र्याच्या घुमटाला माथ्याशी एक तोंड ठेवलेलं असतं आणि त्या तोंडावर डाव्या किंवा उजव्या अंगाला वळवता येणारी झडप असते. पात्यांनी कापलेला बर्फ चाकाबरोबर गरगर फिरत माथ्याशी येतो आणि त्या तोंडातून बाहेर उसळतो. पाती काय करतात हे कुणीही सांगेल. झडप कोणत्या बाजूला वळवायची हे ठरवायला मात्र पुढचा सगळा मार्ग तोंडपाठ असावा लागतो. दरी कुठे आहे, तारांचे खांब कोणत्या बाजूला आहेत, एखादं घर कुठे लागतं, वारा कुठून येतोय.

म्हणून मी हे यंत्र एका प्रश्नापासून वाचायला घेतो. बर्फ काढला खरा, पण टाकायचा कुठे?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. एकेरी मार्गावर पाच मीटर रुंदीचा पट्टा मोकळा करायचा आहे आणि त्यावर मीटरभर बर्फ साचलाय असं धरू. एका किलोमीटरला पाच हजार घनमीटर बर्फ झाला. नुकताच पडलेला बर्फ हलका, घनमीटरला पन्नास ते शंभर किलो. दोन-चार दिवस बसला, वाऱ्याने दाबला गेला की तोच दोनशे, तीनशे किलोंवर जातो. दोनशेच धरले तरी किलोमीटरमागे हजार टन माल उचलून कुठेतरी ठेवायचा, तोही थंडीत, अंधारात, मागे गाड्या खोळंबलेल्या असताना. शिवाय तो वितळेपर्यंत तिथेच राहणार, आणि उद्या पडणाऱ्या बर्फासाठीही जागा लागणारच.

पूर्वीचं उत्तर सोपं होतं. इंजिनाच्या पुढे पोलादी पाचर लावायची. दोन वाकवलेल्या पाट्या मध्यावर एकत्र येतात, खाली रुळांना जवळजवळ टेकतात, आणि गाडी वेगात गेली की बर्फ दुभंगून दोन्ही अंगांना पडतो. उघड्या मैदानात ही पाचर आजही उत्तम काम करते, आणि दिसतेही देखणी. तिच्या वक्र पाट्यांवरून चढून बाहेर वळणारी बर्फाची लाट म्हणजे तर पाहतच राहावी अशी गोष्ट. पण मार्ग खिंडीत शिरला, दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर आला, की पाचरीची अडचण सुरू होते. पहिल्या फेरीत तिने बर्फ कडेला सारला. दुसऱ्या फेरीत त्यावर आणखी सारला. दर फेरीला भिंती उंच होतात, जवळ येतात, आणि शेवटी अशी वेळ येते की सारायला कडच उरत नाही. पाचर बर्फ फक्त सरकवते. खिंडीत सरकवायला जागा नसते.

रोटरीचा जन्म या कोंडीतून झाला. तिची पहिली कल्पना कॅनडात टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याची, त्याने १८६९ मध्ये पेटंट घेतलं. पुढे ऑन्टारिओतल्याच ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल याने ती कल्पना हाती घेऊन सुधारली, लेस्ली बंधूंनी ती बांधायला घेतली, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात पूर्ण आकाराची गाडी बर्फात उतरली. जलच्या रचनेत पुढे कापणारं एक चाक आणि मागे फेकणारं दुसरं चाक होतं, दोन्ही उलट दिशांना फिरणारी. नंतर ही दोन्ही कामं एकाच चाकाकडे आली. मला हा बदल फार अर्थपूर्ण वाटतो. कापणं आणि फेकणं ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून सुरुवात झाली, आणि रचना परिपक्व झाली तेव्हा कळलं की नीट कापलं तर ते कापणंच फेकण्याची सुरुवात असते. पात्याने बर्फाचा तुकडा सोडवला त्याच क्षणी त्याला वेग मिळालेला असतो. आता फक्त त्याला वाट दाखवायची.

त्या चाकाची पाती जवळून पाहावीत. ती चाकाला पक्की जखडलेली नसतात, बिजागरीवर असतात. चाक एका दिशेने फिरलं की पाती बर्फाच्या दाबाने त्या दिशेला कलतात आणि धार पुढे येते. चाकाची दिशा उलटवली की तीच पाती आपोआप दुसऱ्या अंगाला कलतात. हे कशासाठी? डावीकडे फेकायचं असेल तर चाक एका दिशेने फिरायला हवं, उजवीकडे फेकायचं तर उलट्या. म्हणजे माथ्यावरची झडप आणि पात्यांची बिजागरी हे एकाच वाक्याचे दोन शब्द आहेत. वरून खालपर्यंत सगळं यंत्र ‘कुठे टाकायचं’ याच विचाराने घडलंय. गाडीचं तोंड डावी-उजवीकडे सारखं दिसतं ते सौंदर्यासाठी नव्हे, दोन्ही बाजूंना दरी असू शकते म्हणून.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला ही झडप समजावून सांगावी लागणार नाही. गव्हाची किंवा सोयाबीनची मळणी चालू असताना ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणी यंत्राच्या तोंडातून भुसा उडत असतो. वारा फिरला की माणसं आधी त्या तोंडाकडे धावतात. दाणे पडतायत की नाही ते नंतर बघतात. भुसा परत खळ्यावर आला, शेजारच्याच्या कांद्यावर पडला, तर केलेलं काम वाया. रोटरीच्या चालकाचंही तसंच आहे. वाऱ्याच्या तोंडावर फेकलेला बर्फ दहा मिनिटांत परत रुळांवर.

पण तेवढ्यावरून ही गाडी आपल्या घाटात आणावी असं कुणाच्या मनात येऊ नये. कल्याणहून आळेफाट्याकडे येणाऱ्या माळशेज घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, वाहतूक थांबते आणि मग जेसीबीचं बकेट एकेक घास उचलत बसतं. तिथे रोटरी असती तर? पहिल्याच काळ्या दगडाला तिची पाती वाकली असती. हे यंत्र एकजिनसी, कापता येईल अशा मालासाठी आहे. दगड आणि लाकूड ही त्याची हद्द. १९१० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वेलिंग्टन स्थानकाजवळ हिमकडा कोसळून दोन गाड्या दरीत गेल्या आणि ९६ माणसं दगावली. त्याआधीचे कित्येक दिवस त्या गाड्या तिथे अडकून होत्या, कारण कड्यांबरोबर झाडं आणि खडक मार्गावर आले होते आणि रोटरींना ते पेलत नव्हतं. कोळसाही संपत आला होता. यंत्राची थोरवी सांगताना त्याची हद्द सांगितली नाही तर ती नुसती स्तुती होते. आपल्याकडे बोरघाटात मध्य रेल्वेची माणसं वेगळी वाट धरतात. पावसाळ्याआधी डोंगरावर चढून सैल झालेले दगड शोधायचे आणि गाड्या थांबवून, आपल्या सोयीच्या वेळी, ते पाडून घ्यायचे. पडायच्या आधीच पाडायचं. ‘कुठे टाकायचं’ या प्रश्नाचं सह्याद्रीने दिलेलं हे उत्तर मला तितकंच विचारी वाटतं.

बर्फाचा प्रश्न भारतीय रेल्वेला आहेच. काश्मीर खोऱ्यातल्या मार्गावर हिमवर्षावाच्या दिवसांत आधी बर्फ हटवणारी गाडी जाते आणि मग तिच्या मागून प्रवासी गाडी निघते. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर गाडी धावू लागल्यापासून इथल्या अनेकांनी तो प्रवास केला असेल किंवा ठरवला तरी असेल. खुद्द जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रूळ नाहीत. पुणे-नाशिक मार्ग मंचर-नारायणगाववरून जाणार अशी चर्चा आमच्या पिढीने वर्षानुवर्षं ऐकली. तरी रेल्वेचं वेड रुळांच्या जवळ राहणाऱ्यांनाच लागतं असं नाही. उलट ज्याच्या गावात शिट्टी ऐकू येत नाही तो ती जास्त कान देऊन ऐकतो.

आता मॉडेलकडे वळतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथेच आहे.

मराठी मुलखात मॉडेल रेल्वे म्हटलं की पुण्याचं नाव निघतं. कोथरूडला कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या किती मुलांनी शाळेच्या सहलीत तिथे काचेपलीकडचं ते शहर डोळे विस्फारून पाहिलं असेल. १:८७ या प्रमाणात एक अख्खं गाव मांडलंय. स्थानकं, सिग्नल, पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि दिवे मालवले की रात्र. अशा मांडणीचा आनंद दृश्याचा आहे. गाडी धावली, सिग्नल पडला, खिडकीत दिवा लागला की मन भरतं. तिथल्या मालगाडीतला कोळसा खरा असण्याची गरज नसते, तलावातल्या पाण्याने भिजवण्याची गरज नसते. आणि ते बरोबरच आहे. मॉडेल म्हणजे दाखवणं.

बर्फ हटवणारी गाडी मात्र या करारात बसत नाही. तिच्यापुढे काहीतरी साचलेलं असलं पाहिजे आणि ती गेल्यावर ते तिथे नसलं पाहिजे. इतर मॉडेलं चालली की पुरे, हिला काम करावं लागतं. आणि कामाला लावलं की निसर्गाचे नियम मॉडेलच्या प्रमाणात लहान व्हायला नकार देतात. पत्रा लहान होतो, चाक लहान होतं, रूळ लहान होतात. गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं.

त्याचा परिणाम आकड्यांत बघण्यासारखा आहे. तीन मीटर व्यासाचं चाक मिनिटाला १५० फेरे घेतंय असं धरा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो आणि त्या वेगाने सुटलेला बर्फ, हवेचा अडथळा सोडून दिला तर, पन्नास मीटरच्या पलीकडे जाऊ शकतो. आता हेच चाक १:८७ मध्ये करा. व्यास साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. तेही मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरवलं तर टोकाचा वेग सेकंदाला सत्तावीस सेंटिमीटर. त्या वेगाने सुटलेला कण सात मिलिमीटरवर पडणार, म्हणजे फेकला जाणारच नाही, नुसता पुढ्यात गळणार. फेक प्रमाणात हवी, म्हणजे खरी पन्नास-पंचावन्न मीटरची ती टेबलावर साठ-पासष्ट सेंटिमीटरची दिसावी, तर चाक सुमारे नऊपट वेगाने, मिनिटाला चौदाशे फेऱ्यांनी फिरवावं लागतं. आणि मग पाती दिसतच नाहीत. नुसती धुरकट तबकडी दिसते.

म्हणजे करणाऱ्याला निवड करावी लागते. चाक खरं दिसू द्यायचं की फेक? दोन्ही एकदम मिळत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही मॉडेलांत गाडीच्या आसावरून रबराचा पट्टा घेऊन पुढचं चाक फिरवलेलं असतं. गाडी चालली की पाती डौलात फिरतात. ती पाहायला छान वाटतात, पण त्यांच्यापुढे चमचाभर काहीही ठेवलं तर ती ते ढकलत राहतात. तिथे निवड पात्यांच्या बाजूने झाली आहे. माझं मत स्पष्ट आहे: या यंत्राचा आत्मा फेकीत आहे, तेव्हा पाती धुरकट झाली तरी चालतील. तबकडीच्या माथ्यावरून जेव्हा पांढरी कमान उठते आणि रुळांपासून लांब जाऊन पडते, तेव्हा त्या साडेतीन सेंटिमीटरच्या वस्तूत खऱ्या गाडीचा जीव आलेला असतो.

गंमत म्हणजे आपल्या खिशातला मोबाइल ही निवड सोडवतो. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेऊन ती ३० च्या गतीने दाखवली की सगळं आठपट संथ होतं. आठ म्हणजे नऊच्या अगदी शेजारी. त्या चित्रीकरणात पाती पुन्हा दिसू लागतात, मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, आणि बर्फाची कमानही भारदस्तपणे, जडपणे खाली येते. डोळ्यांना जे मॉडेल वाटत होतं ते पडद्यावर साठ टनांचं होतं. सिनेमातली छोट्या प्रतिकृतींची दृश्यं वेगात चित्रित करून संथ दाखवतात त्यामागे हाच हिशेब असतो.

वजनाचाही असाच हिशेब आहे आणि तो जास्त कठोर आहे. प्रमाणाचा घन करावा लागतो. साठ टनांची गाडी १:८७ मध्ये नव्वद ग्रॅमची होते. मूठभर वस्तू. तिने खरं काही ढकलावं अशी अपेक्षाच चुकीची. म्हणून बर्फात प्रत्यक्ष चालवायच्या गाड्या लोक मोठ्या प्रमाणात करतात, १:२२.५ वगैरे, पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर, घरामागच्या बागेत. तिथे तीच गाडी सव्वापाच किलोंची भरते, आणि बागेत पडलेला दहा सेंटिमीटर बर्फ तिच्यासाठी सव्वादोन मीटरचा असतो. एवढ्या वजनावरही पाचर बांधणारे आत शिसं भरतात. कारण कडक बर्फाला भिडली की पाचरीला कापण्यापेक्षा चढणं सोपं वाटतं. ती नाक वर करते, पुढची चाकं रूळ सोडतात आणि गाडी बर्फावर बसते. पाचरीचं नाक रुळापासून किती वर ठेवायचं हाही असाच नाजूक मामला. फार वर ठेवलं तर खाली थर राहतो आणि तो दबून बर्फ पाषाणासारखा होतो. फार खाली ठेवलं तर रुळाच्या सांध्याला अडकतं. खऱ्या मार्गावर रुळांच्या मधला बर्फ खरवडणारं पातं सांधे आणि फाटकं आली की उचलावं लागतं, ते चालकाला कळावं म्हणून मार्गाकडेला खुणेच्या पाट्या असतात. बागेतल्या गाडीत हे पातं उचलायची सोय क्वचितच असते, तिथे मिलिमीटरभर अंतर राखणं एवढाच उपाय.

आणि बर्फच नाही अशा मुलखात? आमच्याकडे ही गाडी चालवून पाहायची तर बर्फाची भूमिका कुणाला द्यायची हा प्रश्न येतो, आणि त्या शोधात बर्फ म्हणजे नेमकं काय हे कळत जातं. थर्माकोलचे दाणे दिसायला अगदी योग्य, पण ते विजेचा भार धरतात आणि चाकाला, घुमटाला, बोटांना, सगळ्याला चिकटतात. रवा छान उडतो, फेकीची कमान स्वच्छ दिसते, पण रव्याची भिंत उभी राहत नाही. गाडी पुढे गेली की दोन्ही बाजू ओघळून रुळांवर परत येतात. खिंड तयारच होत नाही, आणि खिंड नाही तर रोटरीचं प्रयोजन काय? गोळेवाल्याकडून किसून आणलेला बर्फ खरा असतो, पण तो ओला. घुमटाच्या तोंडात बसतो आणि तोंड बंद करतो. ओल्या बर्फाने खऱ्या गाड्यांचीही हीच गत होते, तेव्हा त्यात दोष गोळ्याचा नाही. शेवटी सगळ्यांत जवळचं ठरतं ते तांदळाचं पीठ. हाताने हलकं दाबलं की ते धरून राहतं, सुरीने कापलं तर उभा कडा राहतो, आणि चाकाने खाल्लं की त्याची छोटी छोटी ढेकळं उडतात. आंबेगाव-जुन्नरच्या मावळ पट्ट्यात घरोघरी असणारा हा पदार्थ आल्प्सचं सोंग इतकं चांगलं वठवतो. फक्त खोली मोकळी, हवेशीर हवी आणि जवळपास दिवा, शेगडी नको. हवेत उडालेलं पीठ पेट घेतं, आणि छोट्या मोटरच्या ब्रशांतही ठिणग्या असतातच.

त्या ठिणग्यांवरून खोडद आठवतं. नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशातून येणारे इतके क्षीण रेडिओ संकेत टिपते की भोवतालचा विद्युत गोंगाट तिला सहन होत नाही. पुणे-नाशिक मार्गाच्या आखणीत या दुर्बिणीचा मुद्दा आला तो त्यामुळेच. मॉडेलच्या मोटरच्या दोन टोकांना छोटा कपॅसिटर जोडतात तो हाच गोंगाट आवरण्यासाठी. एरवी कुणी त्याची फिकीर करत नाही. आमच्या भागात तरी तो जोडलेला असावा.

चाक बनवताना एक गोष्ट हातांनाच कळते, पुस्तकाने सांगूनही कळत नाही. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून पाती कापली, तिरकी पिळली, मधल्या कड्याला सोल्डरने बसवली. दिसायला चाक गोल आणि देखणं झालं. मोटर चालू केली की गाडी थरथरते, रुळांवरून सरकते, कधी उडूनच पडते. कारण एखाद्या पात्याला सोल्डरचा थेंब जास्त बसलेला असतो. उपाय जुनाच आहे. चाकाचा आस दोन ब्लेडच्या धारांवर आडवा ठेवायचा आणि चाक सोडून द्यायचं. ते डुलत डुलत थांबतं आणि जड बाजू खाली येते. त्या बाजूवर कानस चालवायची, पुन्हा सोडायचं. पुन्हा वेगळी बाजू खाली येते. असं करत करत शेवटी चाक जिथे ठेवाल तिथे थांबतं, कोणतीच बाजू खाली जायला मागत नाही. मग मोटर लावली की थरथर गेलेली असते आणि आवाजसुद्धा बदलतो, खरखर जाऊन एकसंध घुं होतो. ज्यांनी खरी चाकं बांधली त्यांच्या कारखान्यातही हाच खटाटोप होता, फक्त टनांत.

चालवण्याची तऱ्हाही या गाडीची वेगळी. बहुतेक रोटरी स्वतः चालत नाहीत. त्यांचं इंजिन फक्त चाक फिरवतं, आणि मागून एक किंवा अनेक इंजिनं त्यांना ढकलतात. पुढे उभा असलेला माणूस बर्फ बघतो. मागे ढकलणाऱ्यांना समोर काहीच दिसत नाही. वाफेच्या काळात सगळा संवाद शिट्ट्यांचा होता. जास्त ढकललं तर चाक बर्फात रुतून थांबतं, कमी ढकललं तर चाक हवेत फिरत राहतं. मॉडेल चालवताना चाकाचा आणि ढकलणाऱ्या इंजिनाचा वेग वेगळा हातात हवा, आणि शक्यतो तो दोन माणसांच्या हातात असावा. एकाने चाकाचा आवाज ऐकायचा, दुसऱ्याने त्याच्या शब्दावर ढकलायचं. चाकाचा सूर उतरला की लगेच मागे. शेजारी बसून खेळण्याचा इतका चांगला खेळ मला दुसरा माहीत नाही.

या सर्वसाधारण नियमाला अपवाद असलेली एक गाडी स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि मॉडेल करणाऱ्यांची ती लाडकी आहे. बर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. मीटर गेज, हजारी सत्तरचा चढ, आणि माथ्यावर २,२५३ मीटर उंचीवर ओस्पिझिओ बर्निना स्थानक. मार्ग पहिल्यापासून विजेचा. तरीही त्यासाठी विंटरथूरच्या कारखान्यातून १९१० आणि १९१२ मध्ये बर्फ फेकणाऱ्या दोन गाड्या आल्या त्या वाफेवर चालणाऱ्या, आणि स्वतःच्या चाकांवर स्वतः जाणाऱ्या. विजेच्या मार्गावर वाफेची गाडी हे पहिल्यांदा विसंगत वाटतं. पण वादळात तार तुटते, हिमकड्याने खांब जातात, आणि नेमक्या त्याच वेळी बर्फ हटवणारी गाडी लागते. इतर सगळं बंद पडल्यावर जिने चालायचं ती इतर कशावरही अवलंबून असता कामा नये. त्या काळ्या गाडीच्या पाठीवरचं धुराडं म्हणून मला फार बोलकं वाटतं. त्या दोघींपैकी ९२१३ क्रमांकाची गाडी आजही जपली आहे आणि हिवाळ्यात कधीकधी चालवून दाखवतात. धूर आणि बर्फ, एक काळा आणि एक पांढरा, एकाच गाडीतून दोन दिशांना निघतात. छायाचित्रकार तिथे का जमतात ते समजण्यासारखं आहे.

तरीही या सगळ्या घराण्यातली सर्वांत सुंदर रचना कोणती असं विचारलं तर मी जपानकडे बोट दाखवीन. होक्काइदो बेटावर वाफेच्या काळात चार वाहनांची एक गाडी चालत असे. तिला ‘किमारोकी’ म्हणत, चारही वाहनांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून. सगळ्यांत पुढे इंजिन. त्याच्यामागे मॅक्रे नावाची गाडी. तिच्यामागे रोटरी. आणि शेवटी पुन्हा इंजिन. ही गाडी बाहेर काढायची वेळ केव्हा येत असे, तर पाचरीच्या गाड्यांनी हिवाळाभर बर्फ कडेला सारून सारून दोन्ही बाजूंना उंच भिंती केल्या आणि आता सारायला जागा उरली नाही, तेव्हा. म्हणजे मघाची खिंड, पण पाचरीनेच तयार केलेली.

आता या चार वाहनांचा क्रम नीट बघा. मॅक्रे गाडीला मागच्या अंगाला दोन मोठे पंख असतात. ते उघडले की दोन्ही बाजूंच्या भिंती खरवडल्या जातात आणि तो सगळा बर्फ बाहेर जाण्याऐवजी आत, रुळांवर ओढला जातो. जो मार्ग मोकळा होता तो ही गाडी मुद्दाम बुजवते. आणि लगेच मागून येणारी रोटरी तो बुजवलेला बर्फ खाते आणि भिंतीच्या डोक्यावरून लांब भिरकावते. पुढचं इंजिन ओढतं, मागचं ढकलतं, मधल्या दोघी एकमेकींच्या कामाच्या नेमक्या उलट काम करतात, आणि गाडी गेली की भिंती मागे हटलेल्या असतात, पुढच्या हिमवर्षावाला जागा झालेली असते. बर्फ बाहेर घालवण्यासाठी तो आधी आत घ्यायचा, या निर्णयाला जे धारिष्ट्य लागतं ते मला या रचनेत सगळ्यांत मोठं वाटतं. दोन गाड्यांमध्ये काही मीटरचं अंतर. तेवढ्या अंतरात मार्ग पूर्ण बंद असतो. मागची रोटरी थांबली तर पुढची मॅक्रे मागे येऊ शकत नाही, तिने स्वतःच वाट बंद केलेली असते.

नायोरो शहरात अशी एक किमारोकी त्याच क्रमाने रुळांवर जपून ठेवली आहे. तिचं मॉडेल टेबलावर काम करतं करायचं झालं तर रोटरी हा सोपा भाग ठरेल. अवघड आहेत ते मॅक्रेचे पंख. ते भिंतीला टेकायला हवेत पण रुतायला नकोत, पिठाची भिंत एकसंध ढासळायला नको, थर सुटत यायला हवा. पत्र्याच्या पंखाला किती वाक द्यायचा, तो बिजागरीवर किती सैल ठेवायचा, मधली स्प्रिंग किती नरम हवी, हे कागदावर सुटत नाही. एका पंखावर जास्त माल आला तर सगळी गाडी एका अंगाला ओढली जाते, म्हणून दोन्ही पंख एका दांड्याने जोडावेत, एक मिटला की दुसराही तेवढाच मिटेल असे, आणि रोटरीला मॅक्रेपासून हातभर मागे न ठेवता अगदी जवळ, वीतभरावर ठेवावं, म्हणजे ओढलेलं पीठ बसून घट्ट व्हायच्या आत तिच्या तोंडात जाईल.